दुसऱ्या रेकॉर्डवरची मतं

वामनच्या धाकट्या बहिणीचं, प्रयागचं, लग्न कळमेश्वरला झालं ते एकोणीसशे त्र्याहत्तर साल. त्या लग्नात पंगतीला बुंदी वाढणारा गोविंदा पुढच्याच रविवारी दुपारी नागपूरच्या धरमपेठेतल्या मुकुंदच्या बंगल्यात शिरला, तेव्हा त्याच्या काखेत धोतराच्या तुकड्यात बांधलेली एक मोठी रेकॉर्ड होती.

वामन आणि गोविंदा दोघंही उमरेडचे, एकाच गल्लीतले. नागपुरात शिकायला एका खोलीत राहत. रविवारी कॉलेजातल्या मुकुंदकडे जमायचं, विलायती हार्ड रॉक ऐकायचं आणि मग एकेकानं मत द्यायचं, असा तिथला रिवाज. ज्यानं रेकॉर्ड आणली त्यानं शेवटी बोलायचं. गोविंदा वर्षभर येत होता, कोपऱ्यात बसून मान डोलवत होता; पण त्यानं कधी काही आणलं नव्हतं, म्हणून त्याचं मत कोणी विचारत नसे.

ज्या बँडची पहिली रेकॉर्ड मुकुंदकडे घासून घासून गुळगुळीत झाली होती, त्याच बँडची ही दुसरी. दिवाळीच्या सुट्टीत गोविंदा बापाच्या हातमागावर बसला, करवतकाठी लुगडं विणलं आणि मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या पोराला ते देऊन बदल्यात ही मागवली. त्यानं स्वतःही ती ऐकली नव्हती. वाजवायचं यंत्र होतं कुठं त्याच्याकडे?

"कुठून पैदा केली गा?" टोळक्यातल्या चंपतनं विचारलं.

"लुगडं देऊन."

"कोण्या बाईचं ओढून आनलं बे?"

सगळे हसले. गोविंदाही हसला. मुकुंदची बहीण अरुंधती म्हणाली, "चंपत, तोंड आवर. वामन, लाव."

सुई ठेवायचं काम वामनचं. त्याचा हात स्थिर, म्हणून मुकुंद यंत्राला दुसऱ्या कोणाला शिवू देत नसे. वामनला त्या मानाचं फार अप्रूप होतं. अरुंधतीची छोटी रेकॉर्ड नुकतीच संपली होती. त्यानं ती उचलली, मोठी ठेवली, फुंकर मारली आणि सुई टेकवली.

गिटार डासासारखी गुणगुणली. गायकाचा आवाज चिरका, कुणी पाठीस लागल्यासारखा. ड्रम म्हणजे टिनावर गारा. गोविंदा गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून ऐकत होता. मुकुंदनं अरुंधतीकडे पाहिलं. अरुंधतीनं नाक मुरडलं.

बाजू संपली. सुई उचलताना वामनची नजर वेगाच्या खटक्यावर गेली. खटका पंचेचाळीसवर होता. छोट्या रेकॉर्डला तो वेग लागतो, मोठीला तेहतीस. त्याच्याकडूनच बदलायचा राहिला होता. सगळी बाजू पळत वाजली होती.

त्यानं अंगठ्यानं खटका हळूच मागं सारला. कोणी पाहिलं नाही.

"गायक बदललेला दिसतो," मुकुंद म्हणाला.

"तोच आहे रे. नाव झालं की माणसाला अशी घाई सुटते. पहिलीत जीव होता," अरुंधती म्हणाली.

चंपत म्हणाला, "मले तं वाटलं, कोंबड्याच्या मानेवर पाय देल्ला कोनं तरी."

हशा पिकला. वामनच्या ओठांवर वाक्य आलं होतं. थांबा, चूक माझी आहे. एवढंच म्हणायचं होतं.

"वामन, तू बोल."

"पहिलीची सर नाही," वामन म्हणाला.

"तेच तर!" अरुंधती म्हणाली, आणि चिवड्याची बशी आज पहिल्यांदा तिनं आपल्या हातानं त्याच्यापुढं सरकवली.

गोविंदानं मान वर केली. "दुसरी बाजू आयकू ना एकडाव. तिकडं चांगली असंन."

खटका तेहतीसवर होता. आता ती बाजू नीट वाजली असती आणि सगळं उघडं पडलं असतं.

मुकुंदनं हात झटकला. "राहू दे. समजलं काय ते."

वामनला एकदम हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याचीच त्याला पुढच्या क्षणी लाज वाटली. तो बशीतल्या चिवड्याकडे बघत राहिला.

रिवाजाप्रमाणे शेवटचं मत गोविंदाचं. "सांग गोविंदा," अरुंधती म्हणाली. गोविंदा उठून उभा राहिला. तिथं बोलायला कोणी उभं राहत नसे.

"मले तुमच्यायेवढं समजत नाई. तुमी म्हनता तं खराबच असंन. तुमची दुपार खराब केली, माफी करा."

त्यानं रेकॉर्ड पुन्हा धोतराच्या तुकड्यात बांधली. गाठ नीट बसली की नाही, ते दोनदा पाहिलं.

परतताना वामन सायकल हातानं ढकलत होता. बर्डीचा बाजार आला. मग गोविंदाच म्हणाला, "काहून चूप हायेस गा? तुह्यानं थोडीच झालं? तू तं सुई बराबर ठेवली होती."

"हव," वामन म्हणाला.

"मीच येडा. थे लुगडं मायले देलं असतं तं नेसली असती बिचारी."

वामनला वर बघवेना. त्यानं वाकून सायकलची चेन बसवल्यासारखं केलं. चेन जागेवरच होती.

गोविंदा त्यानंतर मुकुंदकडे गेला नाही. वामन जात राहिला. खोली दोघांची एकच होती, सांगायला सवड पुष्कळ होती.

एकोणीसशे पंच्याहत्तर सालच्या वैशाखात गोविंदा उमरेडला काविळीनं वारला.