विमान हैद्राबादला वळलं

टिनावर गारा दाणदाण आदळत होत्या, आणि अनुसयाबाईंनी सुनेची भरलेली बॅग अंगणात भिरकावली. "निंग माह्या घरातून! आत्ताच्या आत्ता!"

रक्षानं तान्हीला छातीशी घट्ट धरलं. "आई, हे विमानानं येऊन राह्यले. मी घरी नाई दिसली त जीव घेतीन माहा."

"दिसली तरी घेईनच तो." अनुसयाबाईंनी लेकानं मागच्या खेपेला मोडलेलं तिचं मनगट हातात घेतलं. "आत्ता फोन आलता त्याचा. वादळापायी विमान नागपूरले उतरलंच नाई, हैद्राबादले नेलं. गाडी करून जाम गावावरून येईन तो, तोवर अंधार पडन. असं वादळ रोज नाई येत, बाई. माहेरी जाय."

त्यांनी बॅग उचलली, मोठी परात मायलेकींच्या डोक्यावर धरली आणि गारा आपल्या पाठीवर घेत त्यांना फाटकाशी उभ्या ऑटोपर्यंत नेलं.

ऑटोत बसल्यावर रक्षाला हुंदका फुटला. "आई, तुमीबी चला ना. इथं तुमीच सापडान त्यायले."

"घरी कोनीतरी सापडलं पाह्यजे त्याले," सासू म्हणाली. "नाई त तो तुह्या मागं येईन."