मांडीवरचा योद्धा

राक्षस आणि जादूगारांच्या व्हिडिओ गेमसाठी तो चित्रं काढायचा. या खेपेला साहेबांनी फर्मावलं होतं, "देवाच्या तसबिरीसारखं कर. मधोमध देवमाता, मागे तेजोवलय, मांडीवर मेलेला योद्धा. बघणाऱ्याचे हात आपोआप जोडले गेले पाहिजेत." तहानभूक विसरून तो रंगवत सुटला.

दुपारी घराची किल्ली न्यायला ताई ऑफिसात आली आणि त्याच्या खुर्चीमागे थबकली. ती योद्ध्याच्या चेहऱ्याकडे वाकली.

"हा आपला सोन्या आहे," ती म्हणाली.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. तेच नाक, तेच किंचित उघडे ओठ. ताईचा मुलगा, गेल्या वर्षी अपघातात गेलेला त्याचा भाचा, नकळत त्याच्या हातून उतरला होता.

"ताई, शपथ घेऊन सांगतो, मुद्दाम नाही गं काढला! थांब, आत्ता पुसतो."

त्याने डिजिटल पेन उचललं, तोच तिने त्याचं मनगट गच्च धरलं. "खबरदार! एकदा गेला तेवढं पुरे."

ताईने शेजारची खुर्ची खिडकीच्या उजेडात ओढली आणि त्याच्याकडे तोंड करून बसली. देवमातेचा चेहरा अजून रंगवायचा राहिला होता. त्या कोऱ्या जागेकडे तिने बोट दाखवलं.

"परक्या बाईच्या मांडीवर नको ठेवूस त्याला," ती म्हणाली. "तिथे मला काढ."