मार्थाचा करार

मार्था तिसऱ्यांदा पळाली, आणि तीही ऐन स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी.

हेस्टरच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. व्हरांड्यातून आत, आतून व्हरांड्यात. चर्चच्या जेवणासाठी केक भाजायचे होते, नवऱ्याच्या कोटाला इस्त्री करायची होती, आणि ही कार्टी गायब!

"सापडेल गं," ऑगस्टस म्हणाला. तो आरशासमोर उभा राहून उद्याचं भाषण घोकत होता. "बंधूंनो, या भूमीवर आपल्याला कोणापुढे मान झुकवावी लागत नाही... 'मान' बरं वाटतं की 'मस्तक'?"

"डोंबल माझं! नदीकडे माणसं पाठवलीस का?"

"सकाळीच."

पोरगी काही पळवून आणलेली नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिच्या बापानं, फ्लोमोनं, स्वतः आणून सोडली होती. नदीपलीकडच्या वस्त्यांतले पुष्कळजण चार अक्षरं शिकतील म्हणून आपली पोरं अशी गावातल्या घरांत ठेवत. फ्लोमोनं कागदावर अंगठा उठवला. अठरा वर्षांची होईपर्यंत पोरगी या घरची. बदल्यात अन्न, कपडा आणि बायबल. कागदात काय लिहिलंय ते त्याला वाचता आलं असतं, तर पोरीला इथं कशाला पाठवलं असतं? तिचं लोर्पू हे नाव हेस्टरनं पहिल्याच रविवारी बदलून टाकलं.

परवा तोच फ्लोमो पुन्हा आला होता. पायरीखाली उभा राहिला, वर चढला नाही.

"बाईसाहेब, हिची आई आता दोन दिवसांची सोबती आहे. एकदा तोंड बघू दे पोरीला. मी स्वतः परत आणून सोडतो."

"कागदात सुट्टीचं काही लिहिलंय का?"

नव्हतं लिहिलेलं. फ्लोमो आला तसा गेला. मार्था आत भांडी घासत सगळं ऐकत होती.

दुपार कलली तशी माणसं तिला घेऊन आली. होडीत चढतानाच धरली म्हणे. गुडघ्यापर्यंत चिखल, हात मागे बांधलेले, डोळे सुजलेले.

"का पळालीस गं?"

"आई."

"मला सांगायचं होतंस."

"बाबांनी सांगितलं होतं, बाईसाहेब. तुम्ही नाही म्हणालात."

पोर खोटं काय बोलली होती? हेस्टरनं स्वतःच्या हातानं दोरी सोडली, ॲप्रनच्या टोकानं मार्थाचं तोंड पुसलं, तिला मक्याची गरम भाकरी द्यायला सांगितली. मग आत जाऊन पलंगावर बसली आणि ढसाढसा रडली.

ऑगस्टस मागोमाग आला. "जाऊ दे ना तिला. आई मरतेय तिची. उद्याचा दिवस कसला, आणि आपण काय करतोय!"

"तू नको बोलूस."

"तूसुद्धा एकदा अशीच..."

"म्हटलं ना, ते उकरून काढू नकोस!"

तो तिच्याशेजारी टेकला. वीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं, की हिला एकदा रडू आलं की हिचा राग विरघळतो. "होडीवाल्याला थांबवलंय मी," तो हळूच म्हणाला. "अंधार पडायच्या आत पोचेल ती."

हेस्टरनं डोळे पुसले, नाक शिंकरलं. बराच वेळ ती खिडकीतून मार्थाकडे बघत राहिली. पोरीच्या हातात भाकरी तशीच होती. मग हेस्टर उठली, खुंटीवरची चामड्याची वादी काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

ऑगस्टसचा चेहरा उतरला. "किती?"

"बारा," हेस्टर म्हणाली. "अमेरिकेत, कॅरोलिनात मी आईला भेटायला पळाले, तेव्हा मालकानं मला बाराच मारले होते. त्यानंतर जहाजात बसून इथं आफ्रिकेत येऊन स्वतंत्र होईपर्यंत मी कधी कुंपणाकडे नुसतं बघितलंसुद्धा नाही."