पापलेटाचं शेपूट

पापलेट स्टुलावर ठेवलं आणि वरोरच्या शाळेतला सातवीचा वर्ग गप्प झाला. छत्तीस पोरं. सकाळपासून पहिल्यांदाच.

लतिकाने हात ओढणीला पुसले, मग ओढणीचा वास आला, मग पस्तावली. डहाणूच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी. घरात साधं अंडंसुद्धा वडील बाहेरगावी गेले की शिजायचं. पण मच्छीमारांच्या पोरांना सफरचंद काय काढायला लावायचं, म्हणून तिने हे धाडस केलं होतं. पापलेट वर्गातल्या जमनाच्या आईचं. उसनं आणलेलं. शाळा सुटली की परत द्यायचं, कालवणाला.

शेवटच्या बाकावर वासुदेव सर बसले होते. कॉलेजातून पाठ तपासायला आलेले. गुडघे बाकात मावत नव्हते, त्यामुळे चेहरा आधीच नापास करणारा. लतिकाचे दोन सराव पाठ त्यांनी पाडले होते. पहिल्यावर शेरा, 'वर्गावर ताबा नाही.' दुसऱ्यावर, 'मुले सारखी खोडतात. खोडरबर म्हणजे आळस.' आज तिसरा आणि शेवटचा. हा पडला की चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा पुढच्या वर्षावर.

म्हणून तिने आल्या आल्या सगळ्यांचे खोडरबर बिस्किटाच्या डब्यात जमा करून टाकले होते. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'वस्तुचित्र: पापलेट'.

"समोर जे दिसतं तेच काढायचं," ती म्हणाली. "मनाचं काही घालायचं नाही."

पोरांनी पेन्सिली उचलल्या. तेवढ्यात खिडकीतून मांजर आली.

शाळेचीच मांजर. रोज खिचडीवर भागवायची, पण शेवटी वरोरची. स्टुलावर चढली, पापलेट तोंडात धरलं, वासुदेव सरांच्या बाकाखालून गेली आणि दाराबाहेर. घाईसुद्धा केली नाही तिने.

"बाई, आमचं कालवण!" जमना ओरडली.

मग काय, वर्गच उठला. तिघं मांजरीच्या मागे पळाले. मनिष बाकावर उभा राहून मॅच सांगतात तसं सांगायला लागला. "गेली, गेली, नळाजवळ गेली... आता भिंतीवर! पकडा रे!"

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

"लतिका, तुमच्या पाठ टाचणात मांजर आहे का?"

"नाही, सर."

"मग वस्तुचित्रातली वस्तू कुठाय आता?"

लतिकाला रडूच येणार होतं. ते गिळून ती फळ्याकडे वळली. 'वस्तु' पुसलं, तिथे 'स्मरण' लिहिलं. झालं स्मरणचित्र.

"बसा सगळे. आता आठवून काढायचं. बघा, मी दाखवते."

तिने काढलं. पोरांनी माना तिरक्या करून पाहिलं.

"बाई, हा पतंग हाय," मनिष म्हणाला.

वर्ग हसत सुटला. फळ्यावर खरंच पतंग होता, फक्त त्याला डोळा होता. लतिकाने पुसून परत काढला. आता पतंगाला दातही आले. मागून पेन कागदावर चालल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ आला.

लतिकाने हातातल्या खडूकडे पाहिलं. मग तो वर्गाकडे धरला.

"मला नाही येत रे. आयुष्यात आज पहिल्यांदा हातात धरलं मी पापलेट. कोणाला येतं?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंना येत नाही, हे बाईंनीच सांगितलेलं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

जमना उठली. "आई कापते तवा मी बाजूलाच असते."

तिने तोंडापासून नाही, कल्ल्यापासून सुरुवात केली. "सुरी इथून घालायची. मग अशी पोटाकडून." खडू तिच्या हातात सुरीसारखाच फिरला. न थांबता. "तोंड एवढंसंच. आणि शेपटाची दोन टोकं सारखी नाय, बाई. खालचं लांब असते."

"का गं?"

"ते त्यालाच इचारा."

लतिका हसली. मग पहिल्या बाकावर पोरांमध्ये सरकून बसली, मनिषची जादा पेन्सिल घेतली आणि फळ्यावर बघून काढायला लागली. "कल्ला इथे ना?" "थोडा मागं, बाई." वर्गात पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. मांजरीमागे गेलेली तिघं दबकत आत आली, रिकाम्या हातांनी, आणि गपचूप पेन्सिली घेऊन बसली. मागे वळून सरांकडे बघायची लतिकाला हिंमत होईना.

घंटा झाली. जमना कागद गोळा करत करत शेवटच्या बाकापर्यंत गेली. सरांनी आपल्या कागदावर पटकन हात ठेवला. तिला वाटलं, यांचाही घ्यायचा असेल. तिने त्यांचा हात हळूच बाजूला केला.

शेऱ्याचा कागद उलटा होता. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने काढलेलं एक पापलेट होतं. कल्ला बरोबर, तोंड एवढंसंच.

जमनाने ते नीट पाहिलं.

"सर, शेपूट चुकलं. दोन्ही टोकं सारखी केलीत तुम्ही."

लतिकाने डोळे मिटून घेतले.

सरांनी फळ्याकडे पाहिलं. आपल्या कागदाकडे पाहिलं. परत फळ्याकडे. मग घसा खाकरला.

"मॅडम," ते लतिकाला म्हणाले, "तो खोडरबरचा डबा जरा इकडे द्या."