लांबीचं माप

दुसऱ्या लग्नाचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा घागरा, शिवून घ्यायला लॅक्लनला सोडून दिलेल्या बायकोच्याच दुकानात यावं लागलं. स्कॉटलंडमधल्या त्या ओबान गावात अंगावर नीट बसणारा किल्ट शिवणारी इशबेल एकटीच.

"पोट आत ओढू नकोस," बेंबीवरून टेप फिरवत ती म्हणाली. "नव्या बायकोला कधीतरी दिसणारच आहे."

"माप घे आणि तोंड बंद ठेव."

"लांबी राहिली. गुडघे टेकून बस, किल्टची लांबी तशीच घेतात."

संसाराच्या नऊ वर्षांत एकदाही माफी न मागितलेला लॅक्लन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. इशबेलनं सावकाश चहा संपवला, मग टेप लावली.



चोवीस इंच. वहीत पहिल्या लग्नाच्या वेळी लिहिलेला हाच आकडा होता, तिनं नवीन काही लिहिलं नाही.