पिवळी भाकरी

गोजराने पहिल्यांदाच सासरी आलेल्या वडिलांना तांदळाची भाकरी वाढली. सासू पुतळाबाई ताट पाहून कडाडली, "पिवली भाकरी? सडक्या पिठाची? बापासमोर तरी लाज ठेव!" वडील न जेवताच मोरा बंदराकडे निघाले. पुतळाबाई तणतणत अंगणात आली, तर समोरच्या मिठागरातले मिठाचे ढीगही पिवळे दिसले. ती चरकली. सकाळी तिने जंतांचं औषध गुपचूप घेतलं होतं. कंपाउंडर म्हणाला होता, "किरमाणी ओव्यातलं सॅन्टोनिन आहे. दिवसभर पांढरं ते पिवळं दिसेल." पण लाजेने तेव्हा तिचं लक्षच नव्हतं; ते आता आठवलं. धावतच बंदर गाठून तिने लाँचसाठी थांबलेल्या गर्दीसमोर व्याह्यांना हात जोडले. "भाकरी पांडरीच होती. माज्या पोटात जंत हायत, दवेनं पिवलं दिसतंय." लोक हसले. व्याही म्हणाले, "हे माज्या पोरीला सांगा." घरी सुनेसमोर पुतळाबाईची मान वर होईना. "बाय, चुकलं माजं," ती पुटपुटली.