चेंडू थांबला की या

बास्केटबॉलच्या उपांत्य सामन्यात गुण लिहायला मी बसले होते. खेळ ऐन रंगात असताना पाहुण्या संघाचे प्रशिक्षक टेबलापाशी धावत आले. "मॅडम, माझ्या कर्णधार पोरीचे ओठ निळे पडलेत. बझर वाजवून खेळ थांबवा." घड्याळ चालू असताना प्रशिक्षकांनी टेबलापाशी यायचं नाही, असा त्या स्पर्धेचा नियम होता. मी मान वर न करताच म्हणाले, "चेंडू थांबला की या, सर." ते मुकाट्याने परतले. चेंडू थांबायच्या आतच पोरगी कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही. चौकशीत माझी काही चूक निघाली नाही. तरी सामन्याला बसायचं म्हटलं की अजून काहीतरी कारण सांगून टाळते. काल दार उघडलं तर समोर तेच सर, पार खंगलेले. "सर, मी तुम्हाला परत पाठवायला नको होतं." ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मी तुमचं ऐकायला नको होतं."